आहेरकाका आणि बेचाळीस किलोंची गिटार

आहेरकाकांच्या हातात कुठलीही वस्तू दिली की ते आधी ती तोलायचे, बघायचे नंतर. मग तो चहाचा कप असो, देवाचा नारळ असो, नाहीतर पाहुण्यांचं तान्हं मूल असो. डोळे किंचित मिटून, मनगट दोनदा वरखाली करून ते आकडा सांगायचे. "साडेचारशे. पाण्यासकट." कुणी हसलं तर ती वस्तू कारखान्यातल्या छोट्या काट्यावर ठेवून दाखवायचे. (तान्ह्या मुलाच्या वेळी मात्र आईने नको म्हटलं.) पाच-दहा ग्रॅमचा फरक निघाला की त्यांना राग यायचा, पण स्वतःचा नाही, त्या वस्तूचा.

"डोळा लय बोलतो, ताई," ते मला म्हणायचे. "हात कामापुरतं बोलतो."

आमची ओळख जिन्यात झाली. आमचं घर पंचवटीत, दुसऱ्या मजल्यावर. इमारत जुनी, लिफ्ट नाही. त्या सकाळी पहिल्या मजल्याच्या वळणावर माझी काळी पेटी आडवी पडली होती आणि तिच्याशेजारच्या पायरीवर मी बसले होते. कार्यक्रमाहून पेटी पोहोचवायला आलेली दोन माणसं तिथवर चढली, धापा टाकत थांबली आणि "मॅडम, आमच्याच्यानं इथपर्यंतच" म्हणून निघून गेली होती. वर घरात माझा नवरा श्रीकांत होता, पण त्याची नुकतीच अँजिओप्लास्टी झालेली. माझ्या मणक्याचं ऑपरेशन होऊन वर्ष झालेलं. घरात दोन माणसं आणि दोघांनाही जड उचलायची बंदी. मला तर डॉक्टरांनी आकडाच सांगून ठेवला होता : बारा किलो, त्याच्या वर एक ग्रॅमही नाही.

तेवढ्यात इमारतीचा पाण्याचा पंप दुरुस्त करून, टाकी बघायला गच्चीवर निघालेले एक गृहस्थ पेटीपाशी थांबले. वय पासष्टीच्या पुढे, खाकी शर्ट, खिशात पोलादी पट्टी, कानावर पेन्सिल. नमस्कार नाही, चौकशी नाही. ते वाकले, पेटीचं एक टोक वीतभर उचललं आणि खाली ठेवलं.

"एक टोक एकवीस. म्हणजे बेचाळीस," ते म्हणाले. "ताई, मयत हाय का काय आत?"

"गिटार आहे."

"काय?" त्यांनी डावा कान पुढे केला.

"गिटार!" मी ओरडले.

"गिटार तर पोरं पाठीला लावून गाडीवर फिरतात."

माझी गिटार त्या जातीची नाही. तिला पेडल स्टील म्हणतात. चार पायांवर ती टेबलासारखी आडवी असते आणि शिवणयंत्रापुढे बसावं तसं बसून ती वाजवायची. डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची, उजव्या हाताच्या बोटांनी छेडायचं, पायांनी पेडल दाबायची आणि गुडघ्यांनी छोट्या दांड्या ढकलायच्या. पेडल दाबलं की खालचे गज तार ओढतात आणि सूर वाकत वाकत दुसऱ्या सुरात जातो. जुन्या गाण्यांच्या सुरुवातीला कुणीतरी हुंदका गिळावा तसा जो लांब, ओला आवाज येतो, तो हिचा किंवा हिच्या बिनपेडलच्या थोरल्या बहिणीचा.

माझ्या गिटारीला तर दोन माना, म्हणजे तारा ताणलेल्या दोन लांब पट्ट्या. पुढच्या मानेवर दहा तारा, मागच्या मानेवर वेगळ्या सुरांत लावलेल्या आणखी दहा. मला ती माझ्या साळवेसरांकडून मिळाली. सर शरणपूरचे. चर्चमध्ये आणि ऑर्केस्ट्रात वाजवायचे. जहाजावरच्या बँडमध्ये काम केलेल्या एका वादकाकडून त्यांनी ती तरुणपणी घेतली होती. मी चौदाव्या वर्षापासून त्यांच्याकडे शिकले. आठ वर्षांपूर्वी ते गेले तेव्हा त्यांच्या मुलीने पेटी माझ्याकडे पोहोचवली आणि "पप्पांनी तुझंच नाव घेतलं होतं" एवढंच म्हणाली.

हे सगळं मी त्या जिन्यात कशाला सांगत बसले, कोण जाणे. कदाचित त्या दिवशी कुणालातरी सांगायचंच होतं. कार्यक्रमवाले आता मला कमी बोलावू लागले होते. "मॅडम, तुम्ही या, पण गिटार राहू द्या. तो आवाज कीबोर्डवर येतो." तो येत नाही. पण दोन माणसं आणि एक टेम्पो मागणाऱ्या वादकाला हे पटवून देता येत नाही. पुण्याचा एक संग्राहक गिटार घ्यायला तयार होता आणि त्याला रविवारी होकार कळवायचं मी जवळजवळ ठरवलं होतं.

आहेरकाकांनी निम्मंच ऐकलं असेल. पण ते म्हणाले, "उघडा तर खरं."

पेटी जिन्यातच उघडली. त्यांनी आत पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "पाय निघतात? पेडलं निघतात? मग एका फेरीत कशाला न्यायची?" चार फेऱ्यांत गिटार वर गेली, पाचव्या फेरीत रिकामी पेटी. गच्चीवरची टाकी ते विसरूनच गेले.

मी गिटार जोडली आणि वाजवायला बसले. समोर खुर्ची होती, पण काका त्या खुर्चीवर बसले नाहीत. त्यांनी खिशातून टॉर्च काढला, फरशीवर उताणे झोपले आणि सरकत सरकत गिटारीच्या खाली गेले. श्रीकांत दारात उभा राहून बघतच राहिला. मी थांबले.

"वाजवत राहा, ताई. मी बघतोय ना."

मी वाजवत राहिले. पेडल दाबलं की खाली गज सरकायचे, शाफ्ट वळायचे, छोट्या कड्या मागे-पुढे व्हायच्या. मध्येच त्यांनी पंजा उघडून लाकडाला खालून टेकवला आणि गाणं संपेपर्यंत तसाच ठेवला.

"मी नऊ वर्षं मालेगावला यंत्रमागावर होतो," ते खालूनच म्हणाले. "उजवा कान तिथंच राहिला. डावा अर्धा घेऊन नाशिकला आलो. ही तर मागाचीच भाचीबिची दिसते. तारा तशाच, ओढ तशीच." मग बाहेर येऊन, शर्टाची धूळ झटकत म्हणाले, "गाणं मला वरवरचं ऐकू येतं. पण लाकूड सगळं सांगतं. विकू नका. पंधरा दिवस द्या मला."

पंधरा दिवसांचे साडेतीन महिने झाले, पण मी पुण्याला होकार कळवला नाही.

काकांचा कारखाना सातपूरला होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड, एक लेथ, एक मिलिंग मशीन आणि दाराशी तुळशीची कुंडी. एका मोठ्या कंपनीच्या टूलरूममधून निवृत्त झाल्यावर त्यांनी तो थाटला होता. दुपारी त्यांच्या पत्नी ताराकाकू डबा घेऊन यायच्या आणि जेवण झालं तरी घरी जायच्या नाहीत. ओट्यावर बसून माहेरच्या बायकांकडून फोनवर सगळ्या बातम्या ऐकायच्या आणि मग त्या काकांच्या डाव्या कानात सांगायच्या. त्यांचं माहेर देवळ्याचं, बोलणं अहिराणी. काकांशी त्या अहिराणीत बोलायच्या, माझ्याशी मराठीत, आणि रागावल्या की सगळ्यांशी अहिराणीत. कुठल्याही कामाला त्यांचा एकच शब्द असायचा, 'व्हई', म्हणजे होईल.

पहिल्या दिवशी काकांनी गिटारीचा एकेक भाग सुटा करून तोलला आणि शेडच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने यादी केली. पेटी तेरा किलो. पाय आणि पेडलांची पट्टी सहा. गिटारीचं अंग तेवीस. यादीपुढे कमरेवर हात ठेवून ते उभे राहिले.

"तुमच्या सरांनी पेटी नाय, तिजोरी बनवून घेतली."

"जहाजातून आली होती ना ती."

"मग आता जहाज सुटलं म्हणायचं."

पेटीच्या जागी त्यांनी दोन पिशव्या करायच्या ठरवल्या. एक अंगासाठी आणि एक पायांसाठी, आत फोम आणि पातळ प्लाय. त्या ताराकाकूंनी शिवून घेतल्या. पायांच्या जागी अॅल्युमिनियमच्या नळ्या आल्या. भरीव लोखंडी पेडलं गेली आणि आतून पोकळ केलेली आली. मी आठवड्यातून दोनदा जायचे. प्रत्येक वेळी दारावरचा एखादा आकडा पुसलेला असायचा आणि शेजारी लहान आकडा असायचा. मला तो खडू बघायचीच ओढ लागली होती. ऑपरेशननंतर पहिल्यांदा मी सकाळी उठून आनंदाने रिक्षाने कुठेतरी जात होते.

त्यांची एक अट होती. मूळच्या भागांना एकही नवं भोक पाडायचं नाही. "ज्यानं हे केलं त्यानं विचार केला असणार. आपल्याला वाटतं आपण शहाणे." काढलेला प्रत्येक तुकडा तेल लावून, कापडात गुंडाळून, चिठ्ठी बांधून ते फळीवर ठेवायचे.

मग मागच्या मानेचा विषय निघाला.

"ताई, खरं वजन इथं हाय," त्यांनी बोटाने दाखवलं. "मान, तिचे गज, तिची सगळी यंत्रणा. आठ किलोंच्या वर. वाजवता का ही?"

"ती सरांची आहे," मी म्हणाले.

"ते समजलं. वाजवता का?"

मी मागच्या तारांवरून बोट फिरवलं. पुढची मान मला सरांनी शिकवली. मागच्या मानेच्या सुरांची जुळणीच निराळी, तिच्यावर सर स्वतःचं, मन लागेल ते वाजवायचे. मला त्यांनी दोन-तीनदा बसवलं होतं, पण माझ्या हाताला ती काही वळली नाही. "घाई नाही," म्हणाले होते. आणि मग ते गेलेच. मी दर महिन्याला त्या दहा तारा पुसत होते, छेडत मात्र नव्हते.

काकांनी माझा चेहरा पाहिला असावा. "नका काढू," ते म्हणाले. "अजून जागा हाय दुसरीकडं."

त्यांनी दुसरीकडची जागा शोधली. पुढच्या मानेखालचे लोखंडी शाफ्ट काढून अॅल्युमिनियमचे बसवले. लाकडी अंगाच्या खाली, लांबीभर, एक जाड लोखंडी पट्टी होती. सरांनी ती केव्हातरी नंतर बसवून घेतली होती, बाकीच्या भागांशी तिचा मेळ नव्हता. काकांना ती बिनकामाची वाटली. तीही निघाली. अंग अठरा किलोंवर आलं आणि आम्ही तिघांनी ओट्यावर बसून जिलबी खाल्ली.

त्याच आठवड्यात द्वारका चौकाजवळच्या एका हॉलमध्ये जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमाची तालीम होती. मी संयोजकांना अभिमानाने सांगून ठेवलं होतं की गिटार येणार. पहिल्याच गाण्यात पेडल दाबलं आणि सूर जिथे पोहोचायचा तिथे पोहोचला नाही. बाकीच्या तारा किंचित खाली घसरल्या. मी पुन्हा लावल्या. पुन्हा घसरल्या. तिसऱ्या वेळी संयोजक अगदी सौम्यपणे म्हणाले, "मॅडम, आज कीबोर्डवर करून घेऊ या का?" तो सौम्यपणाच मला लागला. सगळे वादक आपापल्या वाद्याकडे बघत होते, माझ्याकडे कुणीच नाही.

तिथून मी थेट सातपूरला गेले. रिक्षावाल्याने पिशव्या शेडमध्ये ठेवल्या. काका लेथवर होते. मी जे बोलले ते आज लिहितानाही हात अडतो. "तुम्हाला ऐकू येत नाही तर सुरांच्या वस्तूला हात कशाला घातलात?" आणि ते त्यांना ऐकू जावं म्हणून मी ओरडून बोलले.

त्यांनी मशीन बंद केलं. ताराकाकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

"खरं हाय," काका म्हणाले. बस, एवढंच.

चार दिवस सातपूरहून फोन नाही. मी करायची, तर काय बोलू हे सुचेना. पाचव्या दिवशी श्रीकांत म्हणाला, "गिटारीचं राहू दे. माणसाचं बघ." मी गेले. शेडच्या मधोमध गिटार पायांवर उभी होती आणि तिच्या दोन टोकांना, मधोमध, सगळीकडे, टूलरूममध्ये असतात तसे घड्याळासारखे काटे लावलेले होते. एकेक काटा केसाएवढी हालचाल दाखवणारा. समोर स्टुलावर काकांच्या नातीचा जुना मोबाइल होता, त्यात सूर दाखवणारं अॅप. काका स्वतः गिटारीसमोर बसून डाव्या पायाने पेडल दाबत होते आणि वहीत लिहीत होते.

मी म्हणाले, "काका, त्या दिवशी मी—"

"ते राहू द्या. खरं बोलला म्हणून राग नाय आला. खोटं असतं तर आला असता." त्यांनी मला बसायला सांगितलं. "हे बघा. पेडल दाबलं. काटा बघा."

काटा हलला. पेडल सोडलं, परत आला.

"तार ओढली की तिच्याबरोबर अंगबी वाकतंय. एवढंसं. पण तुमचा सूर तेवढ्यातच पडतो. मला कानानं कळलं नसतं, हे मान्य. पण हाताला कळायला पाहिजे होतं. हात जिलबी खात होता." मग त्यांनी ती जाड लोखंडी पट्टी पुढे ठेवली. "तुमच्या सरांनी ही उगीच नाय लावली. त्यांना हा पडणारा सूर ऐकू आला होता. आणि मी ती काढून फळीवर टाकली."

"मग परत लावायची?"

"लावायची. पण आडवी नाय, उभी." त्यांनी ओट्यावरची पोलादी मोजपट्टी घेतली, दोन बोटांवर आडवी ठेवून मधे दाबली, ती सहज वाकली. मग तीच कडेवर उभी धरली. "आता दाबा." मी अंगठ्याने दाबलं, अगदी जोर लावून. ती हलली नाही.

तिच्या जागी एक पातळ पट्टी उभी बसली आणि जाड पट्टीचं काम तिने तिसऱ्या हिश्श्याच्या वजनात केलं. दोन शाफ्ट, ज्यांच्यावर सगळ्यात जास्त ओढ येते ते, पुन्हा लोखंडाचे झाले. "ज्याच्यावर ओढ हाय त्याला हलकं करायचं नसतं," काका म्हणाले. "बाकीचे नुसते हजेरीला हायेत, त्यांना बारीक करा खुशाल." काट्यांची हालचाल जवळजवळ थांबली. मी वाजवून पाहिलं. सूर जिथे जायचा तिथे गेला आणि तिथेच राहिला. मी मान वर केली तर काका माझ्याकडे बघतच नव्हते, काट्यांकडे बघत होते, आणि हसत होते.

अंग अजूनही साडेअठरा किलो होतं. डॉक्टरांचे बारा.

त्या दुपारी काका सामान आणायला गेले होते. ताराकाकू तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी ताटातून वर न बघता विचारलं, "ती मागची काढू नको, असं तुमच्या सरांनी सांगितलं व्हतं का?"

"नाही."

"मग कोन म्हनस असं?"

मी वाकून गिटारीच्या खाली पाहिलं, बहुतेक पहिल्यांदाच. पुढच्या मानेचे गज वापरून वापरून चकाकत होते. मागच्या मानेच्या गजांमध्ये कोळ्याचं जाळं होतं, चांगलं जुनं, धूळ बसून करडं झालेलं. मी तारा वरून पुसत होते आणि खाली हे. काकांनी ते पहिल्याच दिवशी टॉर्चच्या उजेडात पाहिलं असणार. त्यांनी मला सांगितलं नव्हतं, आणि ते जाळं काढलंही नव्हतं.

काका परत आल्यावर मी म्हणाले, "काढा मागची मान."

"नक्की?"

"हो."

"मग मला तिचं काय करायचं ते करू द्या."

काय करणार, हे त्यांनी सांगितलं नाही. तीन आठवड्यांनी बोलावणं आलं. गिटार पिशवीत घालून काट्यावर ठेवलेली होती. पिशवीसकट अकरा किलो आठशे. काकांनी दारावरची सगळी यादी ओल्या फडक्याने पुसून टाकली आणि फक्त तेवढा एक आकडा लिहिला. मग त्यांनी ओट्यावरून कापडात गुंडाळलेली एक लांबट वस्तू आणली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

ती मागची मान होती. सागाच्या एका जुन्या, सुंदर रेषांच्या फळीवर बसवलेली. दहा तारा, दहा खुंट्या, तारांचा आवाज पकडणारा एक पिकअप. पेडल नाही, गज नाही, पाय नाही. कडा त्यांनी इतक्या घासल्या होत्या की मांडीला कुठे बोचत नव्हती.

"सरांची सरांनाच राहू दे म्हटलं," काका म्हणाले. "पण पेटीत नको. वाटलं तर सहा स्क्रू काढा, मूळ जागी परत बसते. एक भोक नवं नाय."

मी एक तार छेडली. मग दुसरी. मग तिसरी. ताराकाकूंनी काकांच्या कानाशी जाऊन सांगितलं, "गोड शे."

कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी काका आमच्या इमारतीखाली येऊन उभे राहिले. मी दुसऱ्या मजल्यावरून, अंगाची पिशवी पाठीला लावून, कठड्याला धरून, एकेक पायरी उतरले. पाय आणि पेडलांची छोटी पिशवी श्रीकांतने आणली. खालच्या शेवटच्या पायऱ्यांवर शेजारचे दोघंजण मदतीला धावले तर काकांनी हात आडवा करून त्यांना थांबवलं. "राहू द्या. त्यांची त्या आणतात." त्यांनी स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधले होते, बहुतेक मोह होऊ नये म्हणून. मी रस्त्यावर पोहोचले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि कंबर दुखत नव्हती. आठ वर्षांत पहिल्यांदा मी माझं वाद्य स्वतः घराबाहेर नेलं.

कार्यक्रम कसा झाला ते मी नीट सांगू शकणार नाही. माझं निम्मं लक्ष विंगेत होतं. काकांनी प्रेक्षकांत बसायला नकार दिला होता. ते विंगेत स्टुलावर बसून तीन तास माझ्या पायांकडे बघत होते. शेवटी टाळ्या झाल्या, संयोजकांनी माईकवर वाद्याचं नाव खास घेतलं, चार तरुण मुली जवळून बघायला आल्या. गर्दी ओसरल्यावर काका आले. मला वाटलं आता काहीतरी म्हणतील.

"तिसऱ्या पेडलाला खडखड हाय," ते म्हणाले. "उद्या आणा."

पुढे ते नुसते माझेच राहिले नाहीत. तबलजीचा मायक्रोफोनचा स्टँड, एका म्हाताऱ्या अॅकॉर्डियनवाल्यांची पेटी, शाळेच्या बँडमधल्या मुलींचा मोठा ढोल, असं काहीबाही सातपूरच्या शेडमध्ये जाऊ लागलं. प्रत्येकाला पहिला प्रश्न तोच : "कोण उचलणार?" वस्तू किती जड आहे हे ते नंतर विचारायचे. एकदा एका तरुण गिटारवाल्याने वजन कमी करायला आणलेली गिटार त्यांनी न उघडताच परत केली. "तुला काय धाड भरलीय? उचल की," म्हणाले.

गेल्या दिवाळीनंतर काका आणि काकू देवळ्याला गेले, कायमचे. कुणी जायला लावलं नाही. काकूंच्या भावाने कांद्याच्या चाळीशेजारी दोन खोल्या बांधून दिल्या होत्या. काका म्हणाले, "तीस वर्षं ती माझ्या भोंग्यावर उठली. आता मी तिच्या गावाच्या गाडीवर चढतो." मशीनं टेम्पोत चढत होती तेव्हा मी तिथे होते. लेथ विकली नाही, ती बरोबर नेली. मी वाकून नमस्कार केला तर ते गडबडले आणि मला दोन्ही दंडांना धरून उभं केलं.

"वाकताना गुडघ्यातून वाका," ते म्हणाले. "कंबरेतून नाय. किती वेळा सांगायचं."

निरोपाचं बोलणं ते एवढंच. टेम्पो निघाला, काकू पुढे ड्रायव्हरशेजारी, काका मागे लेथला टेकून उभे.

आता दर रविवारी सकाळी मी देवळ्याला फोन करते. काकांना फोनवर काहीच ऐकू येत नाही, म्हणून फोन काकूंच्या हातात असतो. मी बोलते, त्या ते अहिराणीत ओरडून काकांना सांगतात, काका काहीतरी ओरडतात आणि काकू ते मला सांगतात. त्यात निम्म्या गोष्टी बदलतात, पण चालतं. सरांची ती मागची मान वाजवायला मी आता सत्तावन्नाव्या वर्षी पहिल्यापासून शिकते आहे, मांडीवर फळी घेऊन, रोज सकाळी तासभर. शिकवायला कोणी नाही. सर वाजवायचे त्यातलं जे आठवतं ते शोधत जाते. परवाच्या रविवारी मी काकूंना म्हणाले, "त्यांना सांगा, आज एक गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजलं. दोनदा चुकले."

काकूंनी ओरडून सांगितलं. पलीकडे कोंबड्यांचा आवाज, कुणीतरी कांद्याची पाटी आपटली. मग लांबून काकांचा आवाज आला, इतका मोठा की काकूंनी तो मला परत सांगायची गरजच पडली नाही :

"दोनदाच? मंग व्हई!"